बाजू बदलली, पण कोणाच्या देखत?

पनवेलच्या लाइन आळीत राहणाऱ्या माझ्या मावशीकडे एक दोनशेपानी वही आहे. ‘बिग बॉस मराठी’ सुरू असलं की नॉमिनेशन झाल्या झाल्या ती त्यात लिहून ठेवते: कोणी कोणाचं नाव घेतलं, टास्कमध्ये कोण कोणाकडून खेळलं, कॅप्टन कोण झालं. ज्याने गट सोडला त्याच्या नावाखाली लाल रेघ. २०२४च्या पाचव्या सीझनची पानं चाळताना मला जाह्नवी किल्लेकरच्या नावाखाली ती रेघ दिसली, आणि शेजारी टपोऱ्या अक्षरांत एकच शब्द: ‘बरोबर’.

“गट सोडला ते बरोबर कसं?” मी विचारलं. “पहिल्या दिवसापासून निक्की तांबोळी, अरबाज पटेल, वैभव चव्हाण यांच्यात बसली-उठली. त्या गटाचा जोर पाठीशी होता म्हणून आवाज चढला. पॅडी कांबळेंच्या अभिनयावरून बोलली, त्याबद्दल रितेश देशमुखांनी सगळ्या महाराष्ट्रासमोर खडसावलं. आणि मग दुसरीकडे वळली. याला तू बरोबर म्हणतेस?”

मावशी वाल सोलत होती. मोड आलेले, कोमट पाण्यात भिजवलेले कडवे वाल. चिमटीत धरून दाबला की डाळिंबी निसटून ताटात पडते आणि साल बोटांत उरते. तिचे हात थांबले नाहीत.

“भाऊच्या धक्क्यावर क्लिपा दाखवल्या, कोण कोणाच्या पाठीमागे काय बोललं ते सगळ्यांसमोर आलं, आणि तो गटच फुटला. एवढं झाल्यावरही तिथेच बसून राहायचं? ती वळली, तिने वागणं बदललं, शेवटच्या सहांत पोचली आणि फिनालेला नऊ लाख घेऊन बाहेर पडली. न वळती तर त्याआधीच लोकांनी घरी पाठवली असती.”

(शनिवार-रविवारच्या त्या भागाला ‘भाऊचा धक्का’ हे नाव रितेश सूत्रसंचालक झाल्यावर आलं. मोरा-रेवसच्या लाँचसाठी ज्यांनी खऱ्या भाऊच्या धक्क्यावर रांगा लावल्या, त्या रायगडकरांना ते पहिल्याच दिवशी आपलंसं वाटलं.)

“नऊ लाख घेऊन सहावी,” मी म्हटलं. “आणि ट्रॉफी कोणाकडे गेली? सूरज चव्हाणकडे. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा पोरगा. ज्या बाजूला पहिल्या आठवड्यात होता, त्याच बाजूला शेवटपर्यंत. ६ ऑक्टोबर २०२४ला चौदा लाख साठ हजार आणि ट्रॉफी घेऊन गेला. पुढे केदार शिंदेंनी त्याला घेऊन सिनेमा काढला. लोकांना एकनिष्ठ माणूस आवडतो, याहून मोठा पुरावा काय हवा?”

“सूरजने गट बदलला नाही, कारण त्याने गट केलाच नव्हता. घर दोन भागांत वाटलं गेलं तेव्हा तो एका भागात पडला, इतकंच. डाव आखणारे दुसरे होते. अंकिता वालावलकर होती, धनंजय पोवार होता, अभिजीत सावंत होता. लोकांनी सूरजला मत दिलं ते त्याच्या साधेपणाला, त्याच्या गरिबीला, आईबापाविना वाढलेल्या पोराला. ती मतं तुझ्या एकनिष्ठतेच्या खात्यात जमा करू नकोस.”

मावशीचं हे बोलणं मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. घरातल्या इतरांना सूरज भोळा वाटत होता, त्याला खेळ कळत नाही असं ते म्हणत होते. अशा माणसाला बलवान गटाकडे सरकणं सोपं होतं. तो सरकला नाही. साधेपणा आणि जागा न सोडणं या दोन गोष्टी त्याच्यात वेगळ्या काढता येत नाहीत.

मग मावशीने अभिजीतचं पान काढलं. एका आठवड्यात घरात जोड्या बांधल्या गेल्या आणि अभिजीतच्या वाट्याला समोरच्या गटाची निक्की आली. दिवसरात्र एकत्र राहायचं म्हटल्यावर बोलणं झालं, थोडी मैत्रीही झाली. आठवडा संपला पण संशय संपला नाही. आपल्याच लोकांनी त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहायला सुरुवात केली. वहीत त्याच्या नावाखाली लाल रेघ नव्हती, तुटक रेघ होती.

“हा माणूस २००५ साली पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला,” मावशी म्हणाली. “प्रेक्षकांच्या मतांवर जिंकायचं कसं हे त्याच्याइतकं त्या घरात कोणाला माहीत होतं? तरी अडकला. तिकडे गेला नाही आणि इकडचं दार लावलं नाही. गेला असता ठामपणे, तर निदान कारण सांगता आलं असतं.”

“उलट मी म्हणेन की त्याने सगळ्यांत चांगलं केलं. समोरच्या गटातल्या माणसाशी माणसासारखं वागला आणि आपली बाजूही सोडली नाही. दुसरा आला तो.”

“दुसरा आला,” मावशी म्हणाली, आणि त्या दोन शब्दांत तिचा सगळा युक्तिवाद होता.

इथे मला थोडं बाजूला जाऊन सांगितलं पाहिजे, कारण बाजू बदलणं हुशारीचं की नाही, हा प्रश्न घराबाहेर कोण काढतं यावर सर्वांत जास्त अवलंबून आहे. १९९९ साली नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’ सुरू झालं, ‘बिग बॉस’ हे त्याचंच भारतीय रूप. पण अमेरिकेत २००१च्या दुसऱ्या सीझनपासून नियम बदलला. तिथे स्पर्धकच एकमेकांना बाहेर काढतात आणि शेवटी बाहेर गेलेल्यांमधलेच पंच होऊन विजेता निवडतात. त्या सीझनला विल कर्बी नावाचा डॉक्टर जिंकला. मी खोटं बोलतो हे तो सगळ्यांना तोंडावर सांगत होता, आणि तरी जिंकला. तिथे गट म्हणजे निव्वळ गणित. आज सात मतं माझ्याकडे, उद्या पाच, म्हणजे आजच कोणाला तरी सोडलं पाहिजे. आपल्याकडे स्पर्धक फक्त नॉमिनेट करतात, काढतात ते प्रेक्षक. गटाच्या जोरावर कॅप्टन होता येतं, एखादा आठवडा वाचता येतं, टास्क जिंकता येतो, पण दाराबाहेर कोण जाणार हे घरातला गट ठरवत नाही. म्हणून अमेरिकेतली हुशारी इथे उचलून आणली की माणूस घरात जिंकतो आणि मतांमध्ये हरतो.

हे मी मावशीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग तर माझंच खरं. घरातले काढणार नसतील, तर घरातल्या गटाला कवटाळून बसायचं कशाला?”

“कारण प्रेक्षक पाहतात!” मी म्हणालो. “आणि पंच स्पर्धक असले तरी सोडून जाणाऱ्याला माफी मिळतेच असं नाही. २०००चं पहिलं ‘सर्व्हायव्हर’ घे. बोर्निओजवळच्या बेटावर रिचर्ड हॅचने चौघांचा गट बांधला आणि शेवटपर्यंत उघडपणे चालवला. त्यातली केली मध्येच डळमळली, कधी आत कधी बाहेर. शेवटी दोघंच उरली. हॅच लोकांना आवडत नव्हता, पण त्याच्याबद्दल शंका नव्हती. केलीवर सर्वांत जास्त चिडली होती तिचीच जुनी मैत्रीण सू. तिने मत हॅचला दिलं. चार विरुद्ध तीन. एका मताने दहा लाख डॉलर गेले.”

मावशीने सोललेल्या डाळिंब्यांचं ताट बाजूला सरकवलं. “डळमळली म्हणून गेले. सोडला म्हणून नाही. तू दरवेळी अर्ध्यात थांबलेल्यांचीच उदाहरणं देतोस.”

मग मी हुकमाचं पान काढलं. २०२२-२३चं हिंदी ‘बिग बॉस १६’. (त्याचा सूत्रसंचालक सलमान खान, ज्याचं फार्महाउस आमच्या पनवेलजवळ वाज्याला आहे, म्हणून इथल्या रिक्षावाल्यांनाही तो कार्यक्रम घरचा वाटतो.) अमरावतीचा शिव ठाकरे २०१९चं मराठी जिंकून तिथे गेला आणि त्याने मंडळी जमवली. पुण्याचा एमसी स्टॅन, अब्दू रोझिक, साजिद खान, निमृत कौर अहलुवालिया, सुंबुल तौकीर. हिंदी चॅनेलवर साऱ्या देशाने त्यांना ‘मंडळी’ याच मराठी शब्दाने ओळखलं. जेवण एकत्र, भांडण एकत्र, नॉमिनेशन एकत्र. अब्दू आणि साजिद मध्येच घराबाहेर पडले, तरी बाकीचे फुटले नाहीत. १२ फेब्रुवारी २०२३ला फिनालेच्या मंचावर शेवटी हात धरून उभे राहिले ते स्टॅन आणि शिव. दोघेही मंडळीतले, दोघेही महाराष्ट्रातले.

“सांग आता,” मी म्हटलं. “एकत्र राहिले म्हणून पहिला-दुसरा नंबर मंडळीतच राहिला.”

“ट्रॉफी कोणाला मिळाली?”

“स्टॅनला.”

“गट कोणी सांभाळला?”

मी गप्प बसलो नाही, पण उत्तर द्यायला क्षणभर लागला.

“शिवने सांभाळला,” मावशीच म्हणाली. “रुसलेल्याला समजावलं त्याने, टास्क खेळला त्याने, स्टॅन घरी जातो म्हणून बसला तेव्हा त्याला थांबवलं त्याने. शेवटच्या महिन्यात तो वेगळा झाला असता, स्टॅनच्या समोर उभा राहिला असता, तर लोकांना दोघांतला फरक दिसला असता. मंडळीत मिसळून गेला आणि मंडळीचं श्रेय वाटलं गेलं. आणि त्या मंडळीत सुंबुल आली कुठून? आधी ती त्याच घरातल्या शालीन आणि टीनाबरोबर होती ना? वडिलांनी फोनवर सावध केलं, मग ती तिथून निघाली. तिने बाजू बदललीच. तिला कोणी दगाबाज म्हटलं?”

सुंबुलचं उदाहरण खरं आहे, आणि माझ्या मते या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाचं आहे. घरातली सर्वांत लहान मुलगी, ज्यांच्याबरोबर होती ते तिला वापरून घेत आहेत असं प्रेक्षकांना दिसत होतं. ती निघाली तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणजे प्रेक्षक बाजू बदलण्याला सरसकट नावं ठेवत नाहीत. कोणाला सोडलं, कोणाकडे गेली आणि सोडताना काय गमावलं, एवढं ते पाहतात. बलवानाला सोडून दुबळ्याकडे गेलेला माणूस त्यांना शूर वाटतो. बुडत्याला सोडून बलवानाकडे गेलेला त्यांच्या डोक्यात जातो. शिवबद्दल मात्र मी मावशीशी सहमत नाही. त्याच वर्षी त्याला ‘खतरों के खिलाडी’ मिळालं, मग ‘झलक दिखला जा’. शेवटच्या महिन्यात स्टॅनवर उलटला असता तर कदाचित ट्रॉफी मिळाली असती, पण आज लोक त्याला ज्या मायेने हाक मारतात ती मिळाली नसती.

मावशी मेंढीकोट छान खेळते. मी तिला म्हटलं, “पत्त्यांमध्ये समोर बसलेला भिडू तू मधेच बदलतेस का?”

“भिडू बदलत नाही, कारण तिथे दोघं मिळून जिंकतात. तुमच्या बिग बॉसला ट्रॉफी एकच आहे. जिथे बक्षीस एकाला, तिथली मैत्री कधीतरी सुटणारच. प्रश्न फक्त कधी एवढाच.”

मग तिने विषय घराबाहेर नेला, आणि पनवेलमध्ये तो घराबाहेर नेणं अगदी सोपं आहे. “रामशेठ ठाकूर १९९८ आणि ९९ला कुलाब्यातून लोकसभेवर गेले ते शेकापकडून, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाकडून. पुढे काँग्रेस, पुढे भाजप. मुलगा प्रशांत २००९ला काँग्रेसचा आमदार. खारघरच्या टोलवरून काँग्रेस सोडली, २०१४ला भाजपकडून उभा राहिला, जिंकला. २०१९ला जिंकला, २०२४ला जिंकला. टोल प्रत्येकाच्या खिशाला लागत होता, त्यामुळे कारण लोकांना कळलं. आणि तुझे काका? मरेपर्यंत शेकापचा लाल बावटा. २००९पासून पनवेलची आमदारकी शेकापकडे नाही, तरी प्रत्येक निवडणुकीला सकाळी सातला रांगेत. मला त्यांचा अभिमान होता. पण मी दरवेळी त्यांच्यासारखं मत दिलं नाही.”

“सांगोल्याचे गणपतराव देशमुख विसरलीस,” मी म्हटलं. “अकरा वेळा आमदार, एकाच पक्षाचे, त्याच लाल बावट्याचे.”

“सांगोल्याने त्यांना अकरा वेळा निवडलं म्हणून ती निष्ठा तुला दिसते. निष्ठेने हरलेले शेकड्याने आहेत, त्यांची नावं कोण घेतो?”

“आणि १९७८चं काय? शरद पवार वसंतदादांच्या सरकारातून बाहेर पडले, १८ जुलैला पुलोद आघाडीचे मुख्यमंत्री झाले. पंचेचाळीसहून जास्त वर्षं उलटली, तरी पाठीतल्या खंजिराची भाषा प्रत्येक निवडणुकीत निघतेच.”

“निघते. आणि त्यानंतर ते आणखी तीनदा मुख्यमंत्री झाले.”

राजकारण आणि हा कार्यक्रम यांत एक फरक आहे, तो मावशीला मान्य करावा लागला. राजकारणात पाच वर्षांनी पुन्हा संधी येते. बाजू बदलणाऱ्याला रस्ते करता येतात, लग्नाला-मयताला जाता येतं, रुसलेल्या गावाची समजूत घालता येते. पाचवा सीझन सत्तर दिवसांत आटोपला. साठाव्या दिवशी गट सोडणाऱ्याकडे तुटलेलं जोडायला दिवसच नसतात. त्यातून चोवीस तासांचं चित्रण कापून आपल्याला तासाभराचा भाग दिसतो. तुम्ही रात्री दोन वाजता मित्राला समजावून, रडून, मग वेगळे झाला असाल. प्रेक्षकाला दुसऱ्या दिवशी फक्त नॉमिनेशनमध्ये घेतलेलं नाव दिसतं.

“म्हणून तर लवकर,” मावशी म्हणाली. “पहिल्या तीन-चार आठवड्यांत. तोवर कोणालाच कोणी नीट कळलेलं नसतं. चुकीच्या पंगतीत बसलो हे कळायला तेवढा वेळ लागतोच.”

“वीणा जगतापने तेच केलं २०१९ला. किशोरी शहाणे, रुपाली भोसले, पराग कान्हेरे यांचा गट होता, ती शिवकडे वळली आणि जुन्या मैत्रीला तडा गेला. तिसरी आली.”

“तिसरी वाईट आहे?”

“पहिल्या सीझनशी ताडून बघ. मेघा धाडे, सई लोकूर, पुष्कर जोग. २०१८च्या एप्रिलमध्ये लोणावळ्याच्या घरात तिघं एकत्र आली. समोर रेशम टिपणीस, राजेश शृंगारपुरे, सुशांत शेलार, आस्ताद काळे असा भक्कम गट. शेवटाकडे तिघांत कुरबुरी झाल्या, पण कोणी उठून समोरच्या गटात गेलं नाही. २२ जुलैला मेघा पहिली, पुष्कर दुसरा, सईसुद्धा अंतिम सहांत. आणि डावपेच लढवण्यात मेघाइतकी हुशार बाई त्या घरात दुसरी नव्हती. तिला गट बदलणं सुचलं नसेल असं तुला वाटतं?”

मावशीने वही पुन्हा उघडली. पहिल्या सीझनच्या पानांवर लाल रेघा फार नव्हत्या. तिने दोन-तीन पानं उलटली, नावांवरून बोट फिरवलं.

“मेघा गट चालवत होती. जो चालवतो त्याने सोडू नये. बाकीच्यांनी बघावं.”

हा मुद्दा मी तिच्याकडून घेतला, आणि तो मला मोलाचा वाटतो. गटाचा म्होरक्या बाजू बदलतो तेव्हा त्याने जमवलेली माणसं उघडी पडतात. कडेला बसलेला उठतो तेव्हा फक्त त्याची खुर्ची रिकामी होते. दोघांना एकाच मापाने मोजणं अन्याय आहे.

माझा निवाडा तरीही मावशीच्या विरुद्ध आहे. आपल्याकडच्या नियमांत गट सोडणं ही क्वचितच चांगली चाल ठरते. ती चालते ती तीन अटींवर: जुन्या सोबत्याला नॉमिनेशनच्या आधी तोंडावर सांगितलं असेल, जाणं जड पारड्याकडून हलक्याकडे असेल, आणि सीझन अर्ध्यावर आलेला नसेल. मावशीच्या मते पहिली अट पुरे, बाकीच्या दोन मी माझ्या हळव्या स्वभावातून घातल्या आहेत. २०२४ला तिने स्वतः मत कोणाला दिलं ते मी विचारलं. सूरजला, ती म्हणाली, आणि जाह्नवीपुढचा ‘बरोबर’ तरीही खोडणार नाही असंही म्हणाली.

पुढच्या सीझनला तुमच्या फोनवर मत देण्याचं बटण येईल तेव्हा एवढं करा. ज्याने गट सोडला त्याला काढण्याआधी त्या आठवड्याचे भाग पूर्ण पाहा, तीस सेकंदांच्या रीलवर मत ठरवू नका. या खेळात पंच तुम्ही आहात, आणि त्या घरात निष्ठेला किती किंमत द्यायची हे स्पर्धक तुमच्याकडे बघूनच ठरवतात.